स्विमिंग पुलातलं मीठ

रिसॉर्टवर आलेले पाहुणे पुलात उतरायचे, तोंडात थोडं पाणी जायचं आणि मग मला विचारायचे, "हे पाणी खारट का लागतंय हो?" मी काठावरून समजावून सांगायची. पाण्यात मीठ टाकलेलं आहे, साधंच मीठ, फक्त जास्त शुद्ध. मोटारीच्या खोलीत एक यंत्र आहे, त्यातून हे पाणी फिरलं की मिठापासूनच क्लोरीन तयार होतो, म्हणून वेगळं औषध ओतावं लागत नाही. समुद्राच्या पाण्यात असतं त्याच्या दहावा हिस्साही मीठ इथे नाही. पाहुणे मान डोलवायचे आणि पुन्हा बुडी मारायचे. त्यांना जिप्सीतून वाघ पाहून येताना अंगावर बसलेला धुरळा धुवायचा असायचा.

चंद्रपूरला बीएस्सी केमिस्ट्री करून मी दोन वर्षं आमच्या गावी, सावलीला, घरीच बसून होते. माझ्या मावशीचं गाव जंगलाच्या कडेला, या रिसॉर्टपासून दीड किलोमीटर उताराला. रिसॉर्टला पाणी तपासायला माणूस पाहिजे असं मावशीनेच ऐकलं आणि निरोप धाडला. मी मावशीकडे राहायला गेले. मावशी आणि मावसा दोघंच घरात. दोन एकर धानाच्या बांध्या, त्यांच्या डोक्याशी एक बोडी, म्हणजे शेतातलं लहानसं तळं, आणि दोन म्हशी.

ज्याच्या हाताखाली मी शिकले त्याला सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणायची. पन्नाशीचा माणूस, सिरोंच्याकडचा. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, चिडला की हिंदी. रिसॉर्टचा पंप, जनरेटर, पाणी, सगळं त्याच्याकडे. पहिल्या दिवशी मी कॉलेजातली वही घेऊन गेले होते. त्याने ती बाजूला ठेवायला लावली आणि मला पुलाच्या काठावर बसवलं.

"बाही वर कर. कोपरापर्यंत हात घाल. वरचं पाणी घ्याचं नाई, वरचं खोटं बोलते. आतलं घे."

मी बाटली बुडवून भरली. त्याने मीटरचं टोक आधी साध्या पाण्याने धुतलं, मग नमुन्याच्या पाण्याने, मग बुडवलं. आकडा थरथरला आणि बत्तीसशेवर थांबला, म्हणजे लिटरमागे बत्तीसशे मिलिग्रॅम मीठ.

"हे आपलं घर," तो म्हणाला. "सत्तावीसशेच्या खाली गेला तर यंत्र क्लोरीन बनवत नाई. पस्तीसशेच्या वर गेला तर सेल खराब होते. बत्तीसशे धरून चालाचं."

त्याने मला सगळं हाताने शिकवलं. दर सोमवारी मीटर ठरलेल्या द्रावणात बुडवून तपासायचा, कारण मीटरही हळूहळू सरकतो. पट्टीने एकदा पडताळायचं. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा तिसरा साक्षीदार, पण थंडीत तो कमी दाखवतो, म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही. मीठ टाकायचं तर उथळ बाजूने, चालत चालत, एका जागी ढीग करायचा नाही. मग लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासायचा आणि मोटार एक दिवस फिरू द्यायची. त्याच्याआधी मोजलं तर आकडा फसवतो. सेलच्या, म्हणजे यंत्राच्या क्लोरीन बनवणाऱ्या भागाच्या, पत्र्यांवर पांढरी पुटं चढली की पातळ आम्लात बुडवून धुवायची, लोखंडाने खरवडायची नाही.

आणि एक गोष्ट त्याने मला तीनतीनदा सांगितली. "उन्हात पाणी उडते. मीठ उडत नाई. मीठ गेलं म्हंजे पाणी कुठीतरी गेलं."

मी हुशार होते असं नाही, पण मला ते काम आवडलं. सकाळी साडेसहाला पुलावर कोणी नसायचं. सागाची पानं जाळीने काढायची, पाणी मोजायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, सही करायची. भाऊ माझ्या आकड्यांकडे पाहून म्हणायचा, "माह्यापेक्षा बारीक पाह्यते ही." मॅनेजरसाहेब पुण्याकडचे, त्यांच्यासमोरही तो हे म्हणायचा. माझे वडील मी नववीत असताना गेले. कोणी मोठ्या माणसाने चारचौघांत कौतुक करावं याची मला सवयच नव्हती.

भाऊ मावशीकडेही यायचा. रविवारी दुपारी हातात काहीतरी घेऊन, कधी पपई, कधी वाळवलेली मासळी. मावशी त्याला भात आणि झिंग्यांची चटणी वाढायची. तो गोदावरीच्या गोष्टी सांगायचा, पूर आला की त्यांच्या गल्लीत डोंगे कसे फिरायचे ते. मावसा फार कमी बोलणारा, तोही हसायचा. एकदा जाताना भाऊ मावशीला म्हणाला, "पोरीची काळजी करू नोको बाई. मी हाव ना तिथी." मावशीने ते वाक्य माझ्या आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आकडा पडायला लागला.

आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. मार्च संपता संपता पुलाचं पाणी रोज बोटभर उडतं. म्हणजे मीठ तेवढंच आणि पाणी कमी, आकडा थोडा चढायला पाहिजे. वरून बोअरचं पाणी भरलं की तो पुन्हा जागेवर यावा. माझा आकडा मात्र बत्तीसशेवरून एकदम अठ्ठावीसशेवर आला. मी मीटर तपासला, बरोबर होता. पट्टीही तेच सांगत होती. मी मीठ टाकलं, दुसऱ्या दिवशी बत्तीसशे झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा अठ्ठावीसशे.

मी भाऊला विचारलं. तो पंपाला ग्रीस लावत होता. मान वर न करता म्हणाला, "जमिनीतला पाइप गळून राह्यला असंन. पावसाळ्यात पूल बंद राह्यते, तवा खोदू. आता सीझन हाय, मॅनेजर खोदू देनार नाई."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. गळका पाइप रोज थोडं थोडं पाणी घालवतो, एका झटक्यात नाही, एवढं मला कळत होतं. रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी पेन्सिलने हिशोब मांडायला सुरुवात केली. पूल सव्वा लाख लिटरचा. आकडा आठव्या हिश्श्याने पडला म्हणजे आठवा हिस्सा पाणी गेलं आणि तितकं नवं आलं. पंधरा हजार लिटरपेक्षा जास्त. एवढं पाणी जमिनीत मुरलं तर तिथे चिखल दिसायला हवा होता. मी पुलाभोवती दोनदा फिरून पाहिलं. लॉन कोरडं ठणठणीत होतं. तरी मी गप्प राहिले. ज्याने मोजायला शिकवलं तोच माणूस गळती म्हणतो आहे, तर गळतीच असेल.

मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं सावलीला. आठ दिवसांची सुट्टी पाहिजे होती. भाऊ म्हणाला, "जा ना. मी पाह्यतो पानी. फक्त रजिस्टरवर सह्या करून ठेव. टेस्टिंगच्या खान्यात माही सही चालत नाई, ऑडिटवाला विचारते. आकडे मी टाकतो."

मी काठावर उकिडवं बसून आठ पानांवर आठ सह्या केल्या. वर कोरी पानं, खाली माझं नाव. त्याने हातात शाईचं पॅड धरलं होतं, शिक्क्यासाठी. दोघंही कशावर तरी हसत होतो. कशावर ते आता आठवत नाही.

परत आले तेव्हा आकडा चोवीसशेवर होता आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. यंत्र लाल दिवा दाखवत होतं. माझ्या सहीच्या आठ पानांवर त्याने काय लिहिलं ते मी उलटून पाहिलंही नाही. मी मीठ टाकायला घेतलं. मागच्या पानावर मांडलं तर चौथा हिस्सा पाणी बदललेलं होतं. भाऊ म्हणाला, गळती वाढली.

मृगाचे दोन पाऊस येऊन गेले आणि मावशीने बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे टाकले, म्हणजे रोवण्यासाठी धानाची रोपं. मग पावसाने दडी मारली. मावसा बोडीतून इंजिन लावून पऱ्ह्यांना पाणी देत होता. आठवड्याभरात पऱ्ह्यांची टोकं पांढरी पडली, मग पिवळी, मग सुकून वळली. मावशीने खत जास्त पडलं म्हणून मावशाला बोल लावले. मावसा म्हणाला, खत टाकलंच नाही.

त्याच संध्याकाळी म्हशीने बोडीत तोंड घातलं आणि काढून घेतलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं, आणि हंबरत घराकडे निघाली. मी बोडीच्या काठाशी गेले. पाणी आटून जिथे चिखल वाळला होता तिथे पांढरी कड दिसत होती. मी बोट लावून जिभेवर ठेवलं.

मला ती चव ओळखीची होती. रोज सकाळी माझ्या हाताला असायची.

दुसऱ्या दिवशी मी मीटर पिशवीत घालून आणला. बोडीचं पाणी एकोणीसशे. मावशीच्या विहिरीचं साडेतीनशे. मग मी बोडीत येणाऱ्या नाल्याने वर चालत गेले. सकाळचे नऊ वाजले होते तरी एकटीने त्या नाल्यात जाऊ नये हे लहान पोरालाही माहीत असतं. मी हातातली काठी दगडांवर आपटत, मोठ्याने खोकत चालले. वर रिसॉर्टच्या कुंपणाला लागून, पालापाचोळ्याखाली, काळा नळ होता. मनगटाएवढा जाड. त्याचं तोंड नाल्यात होतं आणि तोंडाखालचे दगड पांढरे झाले होते. नळाच्या मागे मागे गेले तर तो पंपघराच्या भिंतीत शिरत होता.

खरं तर पुलातून काढलेलं पाणी आणि फिल्टर धुतलेलं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. तो खड्डा मी पाहिला होता, गाळाने भरलेला. त्याच्या सफाईबद्दल मी दोनदा विचारलंही होतं.

इथून पुढचं सांगताना मला आजही स्वतःचा राग येतो. मी तो नळ पाहिला आणि मला वाटलं, भाऊला हे माहीत नसेल. कोणी दुसऱ्याने केलं असेल, माळ्याने, कंत्राटी माणसाने. म्हणून मी मावशीकडे न जाता, मॅनेजरसाहेबांकडे न जाता, आधी त्याच्याकडे गेले.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मी मीटरचे आकडे सांगितले, म्हशीचं सांगितलं, पऱ्ह्यांचं सांगितलं. सांगताना मी रडत होते. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बरं केलं मले पह्यले सांगतलं," तो म्हणाला. "मी साहेबासंग बोलतो. तू दोन दिवस गावात काही बोलू नोको. लोक भडकले तं गोष्ट हातची जाइन. बाईलेही नाई सांगाचं. माह्यावर विश्वास हाय ना?"

"हाय भाऊ," मी म्हणाले.

दोन दिवस मी मावशीच्या घरात तोंड बंद करून राहिले. ती पऱ्ह्यांच्या वाफ्यात बसून सुकलेली रोपं उपटत होती आणि मी तिच्या शेजारी बसून उपटत होते. ती म्हणाली, "तू शिकलेली हायेस, तुले काय वाट्टे, कायनं झालं असंन?" मी म्हणाले, माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी गावातल्या गुराख्याने बोडीवरची पांढरी कड आणि नाल्यातले दगड पाहिले आणि गावाला सांगितलं. दहा-बारा माणसं रिसॉर्टच्या फाटकावर आली. मावशी आणि मावसा पुढे होते. मॅनेजरसाहेबांनी त्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं आणि आम्हा दोघांना बोलावलं. मी येताना पंपघराच्या मागे पाहिलं. नळ नव्हता. भिंतीतल्या छिद्राला ओलं सिमेंट लावलेलं होतं.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "पुलाचं पाणी नाल्यात सोडलं गेलंय का?"

मी तोंड उघडण्याआधी भाऊ म्हणाला, "सोडलं गेलं साहेब. पन पानी सोडाचं का नाई हे मी नाई ठरवत. टेस्टिंग पाह्यते तो ठरवते." आणि त्याने रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं.

मे महिन्यातलं पान होतं. त्याच्या अक्षरात लिहिलेलं, 'पाणी तपासले, क्षार योग्य, बाहेर सोडण्यास हरकत नाही.' खाली माझी सही, वर शिक्का. पुढच्या पानावर तेच. आठही पानांवर तेच.

"मी तेव्हा सावलीला होते," मी म्हणाले. "सगळ्यांना माहीत आहे. मावशीला माहीत आहे."

"मंग सही कोनाची हाय?" एकाने मागून विचारलं.

माझीच होती.

मी भाऊकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो खाली पाहील. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, मायेने पाहिल्यासारखं, आणि मॅनेजरसाहेबांना म्हणाला, "पोरगी नवीन हाय साहेब. चूक झाली तिच्यानं. तिले काही करू नोका. मी माफी मागतो तिच्या वतीनं."

त्याने गावकऱ्यांपुढे हात जोडले. माझ्यासाठी. गावातले दोघंतिघं म्हणाले, भाऊ भला माणूस आहे.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. मावशी माझ्याकडे पाहत होती आणि मी टेबलावरच्या माझ्याच सहीकडे पाहत होते.

दुपारी सगळे गेल्यावर मी रजिस्टरची मागची हिशोबाची पानं फाडून घेऊन मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. पेन्सिलीतला हिशोब दाखवला. कोणत्या पंधरवड्यात किती पाणी बदललं, मी नसताना सगळ्यांत जास्त कसं बदललं. पूल गढूळ झाला की सेल धुवायची, फिल्टर साफ करायचा, दोन दिवस पूल बंद ठेवायचा, हे सगळं टाळायला पाणीच बदललं जात होतं. आणि शोषखड्डा भरलेला असल्यामुळे ते नाल्यात जात होतं. साहेब शिकलेले होते. त्यांनी दोनदा वाचलं. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," ते म्हणाले. "पण आता गाव शांत झालंय. भाऊ इथे पहिल्यापासून आहेत, त्यांच्याशिवाय हे चालणार नाही. हे आपल्या दोघांत राहू द्या. तुम्हाला कोणी कामावरून काढत नाहीये."

मी मीटर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. पानं माझ्याजवळच ठेवली.

घरी मावशी चुलीपुढे बसली होती. मी तिच्यापुढे पानं पसरली आणि पहिल्यापासून सांगितलं. आकडे, नळ, सह्या, सगळं. तिला अक्षरं थोडी येतात, हिशोब तोंडी चांगला येतो. ती ऐकत राहिली. मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी तिने विचारलं, "म्हंजे मीठ कुठीतरी जाऊन राह्यलं, हे तुले उन्हाळाभर माहीत होतं?"

"होतं."

"अन् परवा वाफ्यात मी विचारलं, तवा बोडीचंबी माहीत होतं?"

"होतं मावशी. त्यानं थांब म्हटलं होतं."

"त्यानं म्हटलं," मावशी म्हणाली. मग उठून म्हशीला चारा टाकायला गेली.

तिने मला घरातून जा म्हटलं नाही. मीच दोन दिवसांनी सावलीची एसटी धरली. ती फाट्यापर्यंत सोडायला आली, माझी पिशवी तिने उचलली, पण बोलली नाही. एसटी सुटली तेव्हा ती दुसरीकडे पाहत होती. भाऊने जे केलं त्याचा मला आजही संताप आहे, पण त्या फाट्यावर मला जे झालं ते वेगळं होतं. मावशीलाही विश्वासू माणसानेच फसवलं होतं, आणि तो माणूस मी होते.

त्या वर्षी रिसॉर्टने खड्डा साफ केला. मावशाने पोंभुर्ण्याकडच्या नातेवाइकांकडून उरलेले पऱ्हे आणले आणि उशिरा रोवणा केला. आषाढात पाऊस धो धो पडला, नाला दोन वेळा भरून वाहिला आणि बोडी धुऊन निघाली. मावशाने मला फोन करून विचारलं, पाणी कसं तपासायचं. मी सांगितलं, म्हैस पिते का बघा. प्यायली. दिवाळीला धान घरात आलं, नेहमीपेक्षा कमी, पण आलं. पुढच्या पावसाळ्यात मी न विचारता रोवण्याला गेले. मावशीने मला बघून फक्त एवढंच म्हटलं, "साडी खोच, चिखल हाय." दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही बोलायला लागलो होतो. तरी एक गोष्ट बदलली ती बदललीच. मी काही सांगितलं की ती क्षणभर थांबते, मग हो म्हणते. पूर्वी थांबायची नाही.

मी आता तालुक्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. गावोगावच्या हातपंपांचं पाणी येतं, फ्लोराइड किती, क्षार किती. कोऱ्या कागदावर मी सही करत नाही. लोक हसतात, साहेब वैतागतात, पण करत नाही.

गेल्या हिवाळ्यात मूलच्या बसस्टँडवर भाऊ दिसला. केस पूर्ण पिकलेले, हातात औषधांची पिशवी. त्याने मला पाहिलं आणि उठून जवळ आला.

"कशी हायेस पोरी?"

मी म्हटलं, बरी आहे.

थोडा वेळ तो एसट्यांच्या पाट्या वाचत राहिला. मग म्हणाला, "नौकरी गेली असती माही. दोन पोरींचे लग्न राह्यले होते. क्या करता. तू शिकलेली, तुले कुठीबी काम भेटलं असतं. भेटलंच ना?"

मला वाटलं होतं कधी भेटला तर खूप बोलायचं. चार वर्षं मी मनात वाक्यं जुळवली होती.

"मावशीला जाऊन सांगा," मी म्हणाले. "ती सही कोणी, कशी करून घेतली ते. गाव तुम्हाला माहीत आहे. घरही माहीत आहे."

"जातो," तो म्हणाला. "एक दिवस जातोच."

सिरोंच्याची गाडी लागली. त्याने चढताना मागे वळून हात केला. मीही, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात वर केला, आणि लगेच खाली घेतला.

मावशीकडे तो अजून गेलेला नाही. मी विचारते तिला, फोनवर, अधूनमधून.